कानामागचा ओला स्पंज

आवाज एकाच माणसाचा. पुरुषाचा, पन्नाशीतला, कधीही न बघितलेल्या. तो माझ्याशी बोलत नाही, माझ्याबद्दल बोलतो. "आता हिनं गॅस लावला. आता ही मीठ विसरणार." 2011 मध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान झालं तेव्हा मी 24 वर्षांची होते, नागपूरच्या इतवारीत एका ठोक किराणा दुकानात हिशेब लिहायची. मी बेरीज करायला लागले की हा मध्येच भलता आकडा म्हणायचा. त्यातच नोकरी गेली.

दोन वेगवेगळी औषधं पुऱ्या मात्रेत आणि पुरेसे दिवस घेऊनही गुण आला नाही, की क्लोझापिनचा विचार करतात. माझंही तसंच झालं. या गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होऊ शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला गेले. गोळीनं खूप दिलं. वहिनी चहात काहीतरी घालते असं मला वाटायचं, ते गेलं. झोप आली. आवाज मात्र गेला नाही.

मेंदूला बाहेरून उत्तेजन देण्याचे उपचार असतात हे मला पहिल्यांदा ज्या ठिकाणी कळलं, तिथला अनुभव वाईट होता. चुंबकाच्या यंत्राबद्दल तिथे सांगितलं, "आवाज शंभर टक्के बंद" असं म्हणाले आणि संमतीचा कागद सरळ दादापुढे सरकवला. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. डोकं माझं, आवाज मला ऐकू येतात, आणि सही दादाची! आम्ही उठून आलो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याची माझी क्षमता शाबूत असेल तर तो निर्णय माझाच असतो. हे मला नंतर कळलं, पण राग आला होता तो तेव्हाच.

धंतोलीतल्या आताच्या डॉक्टरांनी आधी मला एक वही करायला सांगितली. दिवसात किती वेळा, किती मोठ्यानं, किती वेळ, आणि किती त्रास झाला. दोन आठवडे मी लिहिलं. वही वाचून झाल्यावर त्यांनी टीडीसीएसबद्दल, म्हणजे डोक्यावर दोन टोकं ठेवून मेंदूला अगदी हलका वीजप्रवाह देण्याबद्दल सांगितलं, मला, माझ्याकडे बघून. डाव्या कानाच्या वर आणि थोडं मागे मेंदूचा जो भाग बोलणं ऐकतो-समजतो, तो आवाज ऐकणाऱ्या अनेकांमध्ये जास्तच जागा असतो. स्वतःच्याच मनातलं बोलणं परक्याचं वाटतं, ते तिथून, असं मानतात. त्या भागावर ऋण टोक ठेवून त्याला शांत करायचं, आणि कपाळाच्या डाव्या बाजूला, जरा वर, धन टोक ठेवून पुढच्या भागाला चालना द्यायची. 2012 मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या डॉक्टरांनी 30 रुग्णांवर हे करून पाहिलं तेव्हा आवाज सरासरी 31 टक्क्यांनी कमी झाले आणि परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही यावर बरंच काम झालं आहे. पण नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही, हेही डॉक्टरांनी त्याच दमात सांगितलं. गोळ्या चालूच राहणार होत्या. मला हे बोलणं पटलं. शंभर टक्के म्हणाले असते तर मी याही वेळी उठून गेले असते.

वीज म्हटल्यावर दादा घाबरला, त्याच्या डोळ्यांपुढे शॉक. शॉकमध्ये भूल देऊन साधारण 800 मिलिअँपिअरचा प्रवाह काही सेकंद देतात, मुद्दाम फिट यावी म्हणून. शॉकनंही कितीतरी जणांचा जीव वाचला आहे, त्याला उगाच बदनाम केलंय असं मला वाटतं. पण हे ते नव्हे. इथे 2 मिलिअँपिअर, 20 मिनिटं, टक्क जागेपणी.

एप्रिलचा महिना. रोज दोन वेळा, पाच दिवस. पहिल्या दिवशी तिथल्या ताईंनी शिंप्यासारखी टेप काढली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत एक माप, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरं, मग पेन्सिलीनं खुणा. मी सवयीनं तेल चोपडून गेले होते, तर केस धुवायला लावले. तेल असलं की प्रवाह नीट जात नाही. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, पाच बाय सात सेंटिमीटरचे, आणि ते घट्ट बसवायला रबरी पट्टा. एक पाण्याचा ओघळ कानामागून मानेवर, मानेवरून पाठीत उतरला. बाहेर 43 अंश असताना तो गार ओघळ मला अजून आठवतो. यंत्र सुरू झालं आणि स्पंजाखाली मुंग्या चावल्यासारखं झालं, मग खाज, मग काही नाही. तो मात्र बोलतच होता. "हिनं डोक्याला पट्टा बांधून घेतला बघा."

दोन वेळांमध्ये तीन तासांचं अंतर. मानेवाड्याला घरी जाऊन भर उन्हात परत येण्यात अर्थ नव्हता. वहिनी डबा आणि पन्ह्याची बाटली घेऊन यायची, पिशवीत उन्हासाठी कांदा, आणि आम्ही दोघी खालच्या मजल्यावर कूलरसमोर बसायचो. "काय म्हणून राहिला तो?" ती विचारायची. बारा-तेरा वर्षांत घरात कुणी असं विचारलं नव्हतं. सगळे "लक्ष देऊ नको" म्हणायचे. मी सांगायची, ती ऐकायची, मग पोळीचा घास पुढे करायची.

पाच दिवस संपले आणि काहीच झालं नाही. कपाळावरचा लाल डाग तेवढा दोन दिवस राहिला. मी रडले. वही लिहायची पण नव्हती, वहिनीनं पेन हातात दिलं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी वरणाला फोडणी दिली, हिंग, जिरं, लसूण, आणि गॅस बंद करताना लक्षात आलं की कुणी काही बोललं नव्हतं. मी तशीच उभी राहिले. मग तो आला, पण शेजारच्या घरातून यावा तसा. शब्द लागत नव्हते. वहीत आधी दिवसाला तीस-पस्तीस वेळा असायचं, ते मे अखेर दहा-बारावर आलं. त्याहून मोठं म्हणजे त्रासाचा आकडा उतरला. तो बोलत असताना मी भाजी निवडू शकत होते. जूनपासून शेजारच्या दोन मुलींना गणित शिकवायला लागले, बेरीज-वजाबाकीच.

विम्याचं थोडक्यात सांगते. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं कायदा म्हणतो, पण आमचा दावा "24 तास भरती नव्हती" म्हणून परत आला. आधीच लेखी विचारून ठेवायला हवं होतं.

पोळ्याच्या सुमारास तो पुन्हा जवळ यायला लागला. दिवसाला वीस. मी घाबरले, पण वही घेऊन सरळ गेले. डॉक्टरांनी पानं उलटली आणि पुन्हा पाच दिवस करू म्हणाले. कागद माझ्यापुढे ठेवला. मी वाचला, दोन प्रश्न विचारले, सही केली.

उद्या सकाळी अकराची वेळ आहे. केस धुऊन वाळवलेत, तेल लावलेलं नाही. वहिनी डब्यात काय न्यायचं ते विचारून राहिली आहे.