झांजवाल्याचा ठोका

परवा दुपारी जेवून आडवा पडलो होतो आणि मोबाईलवर ड्वोर्झाक या चेक संगीतकाराची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी लावली होती, डोळा लागायच्या बेतात आणि तेवढ्यात स्क्रीनवर झांजवाला उठला. पाऊण तासाच्या सिंफनीत झांजेचा ठोका एकच, तोही शेवटच्या भागात आणि तोही हळू, म्हणजे लक्ष नसेल तर कळणारही नाही. दोन्ही झांजा अलगद टेकवल्या, आवाज विरेपर्यंत तशाच धरून ठेवल्या आणि बसला खाली. ट्यूबावाल्याचं जरा बरं, त्याला दुसऱ्या भागात मोजके सूर तरी आहेत, बाकी वेळ ते एवढं मोठं पितळी वाद्याचं धूड मांडीवर घेऊन बसायचं. माझी झोप उडाली ती उडालीच.

ही खोड जुनी आहे माझी. गणपतीत गल्लीत ऑर्केस्ट्रा यायचा तेव्हा सगळं पब्लिक मुकेशचा आवाज काढणाऱ्याकडे बघायचं आणि मी साइड रिदमवाल्याकडे. त्याच्यासमोर टेबलावर खुळखुळे, डफली, घुंगरू, रेसो रेसो असं काय काय मांडलेलं, निवेदिका बाई "पुढचं गाणं खास महिला वर्गासाठी" म्हणेपर्यंत याने अंधारात बरोबर ते ते उचललेलं असायचं, मग अख्ख्या अंतऱ्यात दोनदा टक आणि परत तोंडात सुपारी. आई म्हणायची, अरे गाणारा मधे उभाय, कोपऱ्यात काय बघतोस!

कोपऱ्यातल्यांचं असंच असतं म्हणा. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिनच्या रांगा बसायच्या त्यात गोव्याची माणसं किती, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईत आलेली, रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं शोधून दाखवा. त्यातलेच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे, त्यांनी १९५८ मध्ये स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात प्रोग्रॅम केले, लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. फार टिकलं नाही ते. आणि आपल्याला हे नाव माहीत कशामुळे, तर अंड्यातून बाहेर येणाऱ्या बच्चनमुळे.

आता नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून, खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी उभा केलेला. सीझनला बरेच वादक बाहेरून येतात म्हणून लोक नाकं मुरडतात, मला नाही त्यात काही वाटत, ओबो वाजवणारा माणूस दादर स्टेशनवर हाक मारून मिळतो का? शिवाय २०१२ पासून त्यांची अकॅडमी आहे, मुलांना लहानपणापासून रशियन वळणाने शिकवतात, म्हणजे व्हायोलिनचा बो, तो गज, कसा धरायचा इथपासून रगडपट्टी.

पण ही मुलं मोठी होऊन वाजवणार कुठे? स्टुडिओतल्या त्या रांगा की-बोर्डने कधीच खाल्ल्या. एवढ्या मोठ्या शहरात महिन्याच्या महिन्याला पगार देणारे ऑर्केस्ट्रा मोजायला एका हाताची बोटंही लागत नाहीत. दहावी आली की घरचे म्हणणार, छंद म्हणून ठेव हं, आणि ते काही चुकीचं बोलत नसतात.