बारावीला गणित नव्हतं

पावसाळा लागला की शासकीय तंत्रनिकेतनात आम्हा शिक्षकांच्या हातातला खडू सुटतो आणि लोकांची कागदपत्रं हाती येतात. आमच्या कॉलेजात प्रवेशाचं सुविधा केंद्र असतं. मुलं घरी किंवा सायबर कॅफेत ऑनलाइन अर्ज भरतात, आम्ही मूळ कागद बघून तो पक्का करतो किंवा त्रुटी काढून परत पाठवतो. मी स्थापत्य विभागात शिकवते. त्यामुळे 'सिव्हिलला जायचंय' म्हणणारी मुलं फिरून फिरून माझ्याच टेबलाशी येतात.

2022 च्या हंगामातला तो दिवस अर्ज निश्चितीच्या शेवटच्या टप्प्यातला होता. सर्व्हर मधेमधे बसत होता, रांग जिन्यापर्यंत गेली होती. शेजारच्या टेबलावरचा तरुण सहकारी एका मुलीला सांगत होता, "गणित नाही ना तुला. सिव्हिलच्या डिग्रीला पात्र नाहीस. पुढचे या." त्याचं उत्तर नियमाला धरूनच होतं. अभियांत्रिकी पदवीच्या पहिल्या वर्षाला स्थापत्यसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. ठरलेल्या विषयांत मिळून 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40. आणि वर प्रवेश परीक्षा: एमएचटी-सीईटीचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट किंवा जेईई. ही मुलगी बारावी सायन्सच होती, पण बायोलॉजीवाली. डॉक्टरकीची नीट दिली होती, सीईटी दिलीच नव्हती.

मुलगी बाजूला झाली, पण तिचे वडील हलेनात. "मॅडम, आमाला तर सांगितलं होतं की होतंय म्हणून. मॅनेजमेंटच्या सीटमधून."

मी त्यांना माझ्याकडे बोलावलं. हळूहळू कळलं ते असं, की शहरातल्या कुणा एजंटाने खासगी कॉलेजात सिव्हिलची डिग्रीची सीट मिळवून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागितली होती. रुमालात बांधलेले पैसे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते. आज दुपारी ते द्यायला जायचं होतं. त्याआधी एकदा सरकारी कॉलेजात विचारून घेऊ, हा हट्ट मुलीचा.

"मामा, आधी ते पैसे घरी न्या," मी म्हणाले. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत काही जागा संस्था स्तरावर भरतात, हे खरं. पण तिथेही पात्रता तीच लागते. ज्याला बारावीला गणित नाही, त्याचा प्रवेश मान्यतेला जातो तेव्हा तिथे अडतो, आणि तोवर वर्षही गेलेलं असतं आणि पैसेही. हे मी दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगते. एजंट लोक नियम मोडून देतो असं कधीच म्हणत नाहीत, 'आमच्याकडे चालतं' एवढंच म्हणतात, आणि त्याला कागदाचा आधार शून्य असतो.

मग मी मुलीला विचारलं, डॉक्टरकीची तयारी करणाऱ्या पोरीला सिव्हिल कशाला? आमच्या भागात हुशार मूल म्हटलं की लातूर, बायोलॉजी आणि नीट. अकरावीत फॉर्म भरतानाच कुणीतरी सांगतं, गणित सोड, ताण कमी होईल. हिचंही तसंच झालं होतं, तेही लॉकडाऊनच्या वर्षात, मोबाइलवर.

ती म्हणाली, "पप्पा अंदाजाने सळई टाकतात. अंदाज कुठं बरोबर येतो आणि कुठं चुकतो, ते मला शिकायचंय."

आजवर हजार मुलांना मी 'सिव्हिल का' असं विचारलं असेल; स्कोप, सरकारी नोकरी, मामाचं कॉन्ट्रॅक्टरचं काम, अशीच उत्तरं येतात. हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं.

वडील गवंडी. गाव किल्लारीच्या शेजारचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरता सरता भूकंप झाला, तेव्हा ते जेमतेम शाळकरी होते. घर जुन्या पद्धतीचं: मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात गार राहणारा आणि हादऱ्यात जीव घेणारा. भिंतीच्या बाहेरचा दगड आणि आतला दगड एकमेकांत गुंतलेलेच नव्हते, मधे नुसता भराव. भिंती फुगल्या, फाटल्या आणि सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. त्यांची आई आणि बहीण त्यात गेली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाची कामं निघाली, गावंच्या गावं नव्या जागी उठली. त्या साइटवर ते पाट्या उचलायला गेले आणि गवंडी होऊन बाहेर पडले. प्लिंथला म्हणजे जोत्याला काँक्रीटचा पट्टा, लिंटेलला म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर पट्टा, कोपऱ्यात उभी सळई, भिंतीत आरपार जाणारा दगड, हे सगळं त्यांनी तिथल्या इंजिनिअरांच्या तोंडून ऐकलेलं.

"कशाला घालायचं ते कुनी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "घाल म्हनले, घातलं."

मला राहवलं नाही. रद्दी कागदाच्या पाठीवर एक बीम काढला आणि त्यांना विचारलं, बारा फुटाच्या बीमला जी सळई टाकता, ती अठरा फुटाला किती वाढवता? "दीडपट. कधी एखादी जास्तीची." मी मुलीपुढे कागद सरकवला. दर फुटाला सारखाच भार असला तर दोन टोकांवर साध्या टेकलेल्या बीमच्या मध्यावरचं बेंडिंग मोमेंट (वाकवणारा परिणाम) स्पॅनच्या, म्हणजे टेकूंमधल्या अंतराच्या, वर्गाच्या पटीत वाढतं. स्पॅन दीडपट, तर ते किती पट? तिने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "सव्वादोन." वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. आमच्यामागे रांग चुळबुळत होती, पण त्या आकड्यावर ते दोघं जिथे थांबले होते तिथून त्यांना उठवणं मला जमलं नसतं.

गणिताची अट अन्यायाची आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. इमारत उभी राहते ती हिशेबावर. किल्लारी 1993 मध्ये भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होती. 2002 मध्ये भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाची संहिता सुधारली तेव्हा तो भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. असे निर्णय गणिताशिवाय होत नाहीत. माझं म्हणणं इतकंच, की 'पात्र नाहीस' या वाक्यापुढे नियमपुस्तिकेत आणखी पानं असतात, आणि ती वाचून दाखवायला टेबलामागे माणूस बसवलेला असतो.

ते पान मी उघडलं. बारावी सायन्स झालेल्या मुलाला तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, गणिताऐवजी बायोलॉजी असली तरी. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांनाही हाच रस्ता आहे. दोन वर्षांत स्थापत्य पदविका. पदविकेला किमान 45 टक्के, राखीवला 40 मिळाले की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्याला सीईटी नाही. गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते. म्हणजे चारऐवजी पाच वर्षं, आणि हातात पदविका आणि पदवी दोन्ही.

"मंग गणित?" वडिलांनी विचारलं.

गणित टळत नाही, हे मी दोघांना तेव्हाच स्पष्ट सांगितलं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित, ड्रॉइंग, यांत्रिकी यांतलं काहीही न शिकता ती तिसऱ्या सत्रात बसणार होती, आणि समोर थेट मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्स. पदवीला गेल्यावर एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर: डिफरन्शियल इक्वेशन्स वगैरे. बारावी बायोलॉजीची बरीच मुलं तिथे अडतात. "अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आजच घे," मी म्हणाले. "त्रिकोणमिती, मग डेरिव्हेटिव्ह, मग इंटिग्रेशन. याच क्रमाने."

आता कागद. इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला होता, शाळा सोडल्याचा होता, अधिवास होता. घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र मात्र अकरावीच्या प्रवेशाच्या वेळचं, मुदत केव्हाच संपलेली. त्या प्रवेशासाठी 31 मार्च 2023 पर्यंत वैध असलेलं लागत होतं. ते नसेल तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो, आणि यादीत त्याने मोठा फरक पडतो. नव्याने अर्ज केल्याची पावती जोडून पुढे जाता येतं, मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत आणायचं. तहसीलजवळचं सेतू केंद्र पाचला बंद होणार होतं. उत्पन्नाचा दाखला नशिबाने ताजा होता. मी शिपाईदादांना त्यांच्यासोबत पाठवलं, कारण रिक्षावाल्याला कुठे थांबवायचं इथपासून सगळं त्यांना नवं होतं. ती दोघं पावती घेऊन परतली तेव्हा केंद्रावर आम्ही दोघं-तिघंच उरलो होतो. सहकाऱ्यानेच तिचा अर्ज उघडला, एकेक कागद अपलोड करून घेतला आणि निश्चित केला. निघताना मी तिला बजावलं, जातवैधतेचा प्रस्ताव आत्ताच टाक, डिग्रीच्या वेळी लागेल आणि तेव्हा धावून मिळत नाही.

तिला आमच्याच कॉलेजात जागा मिळाली. पहिलं सत्र तिला जड गेलं. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ती आणि आयटीआयकडून आलेली चार मुलं माझ्याकडे त्रिकोणमितीपासून बसायची. ड्राफ्ट्समन ट्रेडची मुलं तिला ड्रॉइंग शिकवायची, ती त्यांना काँक्रीटमधलं रसायन. सर्वेक्षणाच्या प्रॅक्टिकलला मात्र तिला कुणी काही शिकवावं लागलं नाही. लेव्हल आणि ओळंबा ती लहानपणापासून हाताळत होती.

2024 च्या जुलैत ती पुन्हा केंद्रावर आली, पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी. फाइलमध्ये कागद क्रमाने लावलेले होते, जातवैधता सकट. त्याच महिन्यात, 8 जुलैला, शासनाचा निर्णय निघाला होता: 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. वडिलांना मी तो निर्णय छापून दिला. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हंजे समदंच?" शिकवणीची आणि परीक्षेची फी, मी म्हणाले, होस्टेल आणि मेस तुम्हालाच बघावी लागेल.

पदवीला एम-थ्री तिचा पहिल्या परीक्षेत राहिला. तिने रात्री फोन केला, रडली नाही, कुठल्या प्रकरणात गुण गेले ते वाचून दाखवलं. पुढच्या परीक्षेत विषय सुटला. सुट्टीत गावी गेली की ती वडिलांच्या साइटवर जाते आणि बीम-कॉलममधल्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक तपासते. 90 अंशात वाकवलेले हूक हादऱ्यात उघडू नयेत म्हणून आणखी आत, 135 अंशात वाकवायला लावते. सुरुवातीला मजूर कुरकुरायचे, आता वडीलच आधी वाकवून ठेवतात.

दर जूनमध्ये त्या भागातली एक-दोन मुलं माझ्या टेबलाशी येतात, तिचं नाव सांगून. बायोलॉजीवाली असतात, आयटीआयवाली असतात, कुणाच्या खिशात एजंटाचा नंबर असतो. मी आधी नॉन-क्रिमीलेयरची तारीख बघते, मग बारावीचे विषय विचारते.