कॅबरनेटच्या काड्या

तोडणीला आठवडा राहिलेला, फेब्रुवारीतली गोष्ट. पलूसजवळ आमच्या पाहुण्यांची कॅबरनेटची, म्हणजे वाईनच्या काळ्या द्राक्षाची बाग आहे, त्यात 337 आणि 169 असे दोन क्लोन (एकेका निवडक वेलाच्या काड्यांपासून वाढवलेले प्रकार), दोन्ही मूळचे फ्रान्सचे. आमच्या रानात 110 आर खुंट, म्हणजे ज्यावर कलम करायचं ते मुळाचं झाड, लावून झालेला, ऑगस्टला त्यावर कलम भरायचं होतं, म्हणून ज्यांच्या काड्या घ्यायच्या असे चांगले वेल बघून खोडाला रिबन बांधायला मी, आबा आणि कलमवाले मामा गेलो.

कुणी म्हणेल कॅबरनेट ती कॅबरनेट, त्यात निवडायचं काय? पण आपल्या तासगावकडं हे सांगावं लागत नाही, थॉमसन ह्या बिनबियांच्या द्राक्षातनंच वेगळी काडी हेरून, जपून तास-ए-गणेश ही जात झाली, सोलापूरकडच्या नान्नजची सोनाका पण तशीच.

आबांचं आपलं एकच, "जिथं माल जास्त तिथली काडी धर." पाचव्या ओळीत एक वेल असा लगडलेला की मी लगेच रिबन बांधली. मामा वाकून पानं बघत बसले आणि म्हणाले, "ह्याची नको." पानं लाल, शिरा मात्र हिरव्या, कडा खाली वळलेल्या. मला वाटलं मॅग्नेशियम कमी असंल. मग घडाच्या वरचे, मधले, खालचे मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटर लावून गोडी मोजली तर 19 ब्रिक्स, आणि शेजारच्या वेलाला 23.5! पाणी तेच, खत तेच, छाटणी एकाच दिवशीची.

लीफरोल व्हायरसची लक्षणं ही. फवारून जात नाही, कलम केलं की काडीबरोबर नव्या झाडात येतो आणि पुढं मिलीबग (पिठ्या ढेकूण) तो वेलावेलावर फिरवतो. आणि मला खरी धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीनं, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी पानं येतात, ऑगस्टला काड्या काढायच्या वेळी सगळी बाग हिरवीगार असते, तेव्हा हा वेल ओळखूच आला नसता, उलट जोमदार म्हणून आधी त्याच्याच काड्या घेतल्या असत्या.

दिवसभर फिरून 11 वेल धरले, सगळे 337 चे, मोकळा घड, बारीक मणी. तरी लक्षण दिसत नाही म्हणजे व्हायरस नाही असं नसतं, म्हणून त्यांचे नमुने लॅबला द्यायचं ठरलं. निघताना आबा काही न बोलता पाचव्या ओळीत गेले आणि त्या वेलाची रिबन सोडून घेऊन आले.