वायर पुन्हा स्वादुपिंडातच

ईआरसीपी (तोंडातून स्कोप घालून पित्तनलिकेतला खडा काढण्याची प्रक्रिया) बघायला येणाऱ्या ज्युनिअर मंडळींना खडा बाहेर पडताना बघायची हौस असते. खरा कस लागतो तो त्याआधी, लहान आतड्यातल्या बारीक उंचवट्याच्या, म्हणजे पॅपिलाच्या तोंडाशी. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नलिका बहुतेकांत एकाच छिद्रातून उघडते. पित्ताची वाट वर, 11 वाजण्याच्या दिशेला वळते. स्वादुपिंडाची जवळजवळ सरळ आत. आपल्याला हवी असते पित्ताची वाट, पण ती शोधायला पुढे घातलेली बारीक वायर अर्थातच सोप्या वाटेने पळते. एक्स-रेच्या पडद्यावर ती मणक्यावरून आडवी गेली, की स्वादुपिंडात शिरली समजायचं.

युरोपातल्या एंडोस्कोपी सोसायटीने 2016 मध्ये 'अवघड' कशाला म्हणायचं ते ठरवलं: पॅपिलाला 5 पेक्षा जास्त वेळा स्पर्श, 5 मिनिटांहून जास्त खटपट, किंवा स्वादुपिंडात एकाहून जास्त वेळा नकळत शिरकाव. मला हा नियम आवडतो. 'अजून एकदा बघू' या हट्टाला तो लगाम घालतो. टोचून टोचून पॅपिला सुजली की सोपी केसही हातची जाते, वर पॅन्क्रियाटायटिसची (स्वादुपिंडाच्या सुजेची) टांगती तलवार.

स्वादुपिंडात वारंवार जाणारी वायर मी मग काढतच नाही. तिथेच ठेवून शेजारून दुसरी घालते. पहिलीमुळे आतलं वळण जरा सरळ होतं आणि दुसरीला कुठे जायचं नाही ते कळतं. काम झाल्यावर त्याच पहिल्या वायरवरून 5 फ्रेंचचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) बारीक स्टेंट बसवायचा, म्हणजे सूज आली तरी स्वादुपिंडाचा रस अडत नाही. (स्वादुपिंडाची सूज टाळायला 100 मिलिग्रॅम इंडोमेथासिनची गुदद्वारातली गोळी सुरुवातीलाच दिलेली असते. स्वस्त आणि कामाची.)

वायर कुठेच जात नसेल तर प्रीकट, म्हणजे वायर आत जाण्याआधीच पॅपिला थोडी कापून वाट करणं. याला शेवटचा उपाय म्हणतात, ते मला पटत नाही. हात बसलेला असेल तर सूज येण्याआधीच केलेला बरा. पॅपिला टपोरी असेल तर मी छिद्राला हात न लावता वरच्या फुगवट्यावर नीडल नाइफ (सुईसारखी बारीक सुरी) चालवते, एकेक पातळ थर कापत. मग मध्येच पिवळा थेंब डोकावतो, वायर तिथेच.

तरीही जमलं नाही आणि पेशंट स्थिर असेल, तर मी स्कोप बाहेर काढते. दोन-चार दिवसांनी सूज उतरल्यावर तीच वाट बऱ्याचदा सहज सापडते. नलिकेत पू असेल तर मात्र थांबायचं नाही: एंडोसोनोग्राफीने (स्कोपच्या टोकावरच्या सोनोग्राफीने) वरून वायर उतरवून ती खाली पकडायची, म्हणजे रॉंदेव्हू, नाहीतर रेडिओलॉजिस्टला सांगून यकृतातून नळी, त्याच दिवशी.