भगव्या फेट्याची कड शाबूत ठेवताना: जेपीईजी एडिटिंगचा माझा अनुभव

गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेचे फोटो अल्बमसाठी जमवायचे म्हटलं की ते अनेकांच्या फोनमधून येतात, आणि त्यातले बरेच व्हॉट्सॲपवर आधीच एकदा पिळून निघालेले असतात. म्हणून माझं काम एडिटिंगच्या आधी सुरू होतं. ज्याने फोटो काढला त्याच्याकडूनच तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवायचा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो बहुतेकदा लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो आणि त्यातली एक्झिफ माहितीही (फोटो कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला वगैरे नोंदी) निघून जाते. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला १६०० पिक्सेल चालून जातात. १२ इंचांवर ताणले तर इंचाला जेमतेम १३३ पडतात, आणि चांगल्या प्रिंटला ३०० हवेत. फाइलमध्ये डीपीआय (इंचामागे ठिपके) किती लिहिलाय त्याने काही होत नाही, पिक्सेल मोजायचे.

मूळ फाइल हातात आली की ती कायम तशीच ठेवतो, तिच्यावर काहीही सेव्ह करत नाही. जेपीईजी, म्हणजे फोटोची फाइल हलकी करणारी पद्धत, चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातला बारकावा आकड्यांत मांडते आणि ते आकडे ठरावीक पटींना जुळवून घेते. नुकसान होतं ते याच पायरीला. सेव्ह करताना निवडलेली क्वालिटी जितकी कमी, तितकी पट मोठी. रंगाच्या बाबतीत काटछाट आणखी जास्त: फोनच्या जेपीईजीत सहसा ४:२:० पद्धत असते, म्हणजे उजेड प्रत्येक पिक्सेलचा, पण रंगाचा नमुना चार पिक्सेलमागे एकच. आकाशासमोरचा भगवा फेटा किंवा हिरव्या नऊवारीचा लाल काठ ३०० टक्के मोठा करून पाहा, रंग कडेबाहेर फुटलेला दिसतो. तेवढं फोनमध्येच झालेलं असतं. ते आणखी वाढू द्यायचं नाही, इतकंच आपल्या हातात आहे.

एडिटिंग मी गिम्प या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये करतो. फोटो उघडला की आधी प्रिसिजन (रंगाचे आकडे किती बारकाईने साठवायचे ते) १६ बिटवर नेतो आणि काम एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फाइल प्रकारात, सेव्ह करतो. मूळ ८ बिटचा फोटो त्याने सुधारत नाही, हे खरं. पण कर्व्हज, लेव्हल्स, रंग असे एकावर एक बदल करताना प्रत्येक वेळी होणारं राउंडिंग टळतं. मुंबईच्या धुरकट आकाशात कॉन्ट्रास्ट वाढवला की जे पट्टे उमटतात, ते यामुळे बरेच आटोक्यात राहतात. तरीही राहिलेच तर आकाशापुरता अगदी हलका नॉइज (बारीक दाणे) टाकतो. काम संपेपर्यंत मधे कुठेही जेपीईजी करायचं नाही. चार दिवसांनी दुरुस्ती सांगितली गेली तरी एक्ससीएफच उघडायची.

क्रॉपकडे, म्हणजे फोटोच्या कडा कापण्याकडे, फारसं कोणी लक्ष देत नाही, पण मोठा फरक तिथेच पडतो. फोटो मूळ क्वालिटी सेटिंगनेच पुन्हा सेव्ह केला आणि चौकोनांची जाळी जागची हलली नाही, तर न छेडलेल्या भागाचं जवळपास काहीच बिघडत नाही. आकडे आधीच त्या पटींवर बसलेले असतात. डावीकडून तीन पिक्सेल कापले की जाळी सरकते आणि सगळं चित्र नव्याने जुळवलं जातं. त्यामुळे फक्त कापायचं किंवा फिरवायचं असेल तर मी जेपीईजीट्रॅन नावाचं छोटं सॉफ्टवेअर वापरतो. ते चित्र न उलगडता चौकोनच हलवतं. ४:२:० फोटोत कापण्याचा वरचा डावा कोपरा १६ पिक्सेलच्या पटीत धरावा लागतो. गिम्पमध्ये एखादा डागच पुसायचा असेल, तर एक्सपोर्ट करताना मूळ चित्राची क्वालिटी सेटिंग वापरण्याचा पर्याय टिकमार्क करतो.

आकार बदलला असेल तर मात्र गणित वेगळं. तेव्हा क्वालिटी ९२ ते ९५ आणि सबसॅम्पलिंग (रंगाची काटछाट) ४:४:४, म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलचा. फोटो निम्म्यावर आणला की चार पिक्सेलचा एक होतो, चौकोनांच्या खुणा विरतात आणि प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. त्यावर पुन्हा ४:२:० लादणं म्हणजे मिळालेलं घालवणं. शार्पनिंग आकार बदलल्यानंतरच, आणि हलक्या हाताने, नाहीतर चौकोनांच्या कडाच आधी उठून दिसतात. १०० क्वालिटीने फाइल फुगते, गेलेला बारकावा परत येत नाही.

एका सॉफ्टवेअरचा आकडा दुसऱ्यात तसाच धरू नये. फोटोशॉपच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये मोजमाप ० ते १२ आहे, आणि ६ किंवा खाली गेलं की रंगाची काटछाट आपोआप सुरू होते. भगवा-लाल भरपूर असलेल्या फोटोंना निदान १० ठेवावं.

आयफोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी३ प्रोफाइलमध्ये असतात (प्रोफाइल म्हणजे फाइलमधले आकडे नेमके कोणते रंग, हे सांगणारी नोंद). छापणाऱ्याने प्रोफाइल वाचलं नाही तर गुलाल फिका पडतो, म्हणून एक्सपोर्टआधी एसआरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या प्रोफाइलमध्ये बदलून प्रोफाइल फाइलमध्ये ठेवतो.

शेवटी तपासणी. एक्सपोर्ट केलेली फाइल एक्ससीएफवर लेयर म्हणून आणायची, मोड ‘डिफरन्स’ (दोन्हींतला फरक तेवढा दाखवणारा) करायचा, जे दिसतंय त्याचाच एक नवा लेयर करून त्याच्या लेव्हल्स ताणायच्या, म्हणजे फरक उजळून दिसतो. सगळीकडे सारखी बारीक भुरभुर दिसली तर ठीक. फक्त फेट्यांच्या आणि काठांच्या कडा रंगीत उजळल्या तर सबसॅम्पलिंग चुकून ४:२:० राहिलंय; ते बदलून एक्ससीएफमधूनच पुन्हा एक्सपोर्ट करायचं.