बुडालेलं विमान: आधी टाकी, मग क्रेन

ओझरच्या विमान कारखान्यामुळे नाशकात विमानाच्या पत्र्याला हात लावलेली माणसं पुष्कळ. तरी समुद्रातून दुसऱ्या महायुद्धातलं विमान काढल्याची बातमी आली की चर्चा रंगते ती क्रेनचीच. वर आल्यावर त्यातलं मीठ काढायला ते कुठल्या टाकीत ठेवणार, हे क्वचितच कुणी विचारतं. टाकी, पाणी आणि पुढच्या काही वर्षांचा खर्च यांची सोय नसेल, तर विमान तळाशीच राहिलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या काळच्या विमानाचा पत्रा म्हणजे सुमारे 4 टक्के तांबं मिसळलेलं अ‍ॅल्युमिनिअम. ताकद भरपूर, पण गंजायला सोपं, म्हणून त्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनिअमचा पातळ थर चढवत. खाऱ्या पाण्यात आधी तो थर जातो. मग स्टीलचा बोल्ट किंवा पितळी बुश जिथे पत्र्याला टेकतो, तिथे बॅटरीच तयार होते आणि खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनिअम. मॅग्नेशिअमचे भाग तर बहुधा उरतच नाहीत. गाळात प्राणवायू कमी, त्यामुळे हे सगळं संथ चालतं. वर आल्यावर हवा मिळते, पत्रा वाळतो आणि खड्ड्याखड्ड्यांत मीठ घट्ट होऊन आम्ल बनतं. रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली की तिथे लाकडी काडी टोचून बघा: पत्रा खारीसारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. त्यावर पुन्हा रिव्हेट बसत नाही.

उचलण्याचं गणित सोपं आहे, फसतं ते पृष्ठभागावर. डॉन्टलेस या अमेरिकन नौदलाच्या डाइव्ह बॉम्बरचं रिकामं वजन 2,900 किलोच्या आसपास. पाण्यात अ‍ॅल्युमिनिअमचं वजन साधारण 37 टक्क्यांनी कमी भरतं. पाण्याबाहेर येताच ते पुरतं परत येतं, वर पोटातलं पाणी आणि गाळ. म्हणून पाण्याच्या पातळीशी थांबून निचरा होऊ द्यायचा. घाई केली की शेपूट मोडते. हवेच्या पिशव्या वापरल्या तर 1 घनमीटर हवा साधारण 1 टन उचलते, पण 30 मीटरवर भरलेली हवा वर येईतो चौपट फुगते. जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह नसेल तर विमान गोळीसारखं वर सुटतं. रुंद नायलॉनचे पट्टे पंखाच्या मुळाशी मुख्य स्पारखाली (स्पार म्हणजे पंखाचा कणा) आणि इंजिनाच्या माउंटला, वर पट्टे फाकवून धरणारा आडवा स्प्रेडर बीम. विमानाच्या मूळच्या उचल-कड्यांवर भरवसा नको, आतली स्टीलची पिन गेलेली असते.

त्याआधी बॉम्ब, काडतुसं, फ्लेअर तपासायचे. मानवी अवशेष दिसले तर काम तिथेच थांबतं. मालकीही बघावी: अमेरिकन नौदल आपल्या बुडालेल्या विमानांवरचा हक्क सोडत नाही, त्यासाठी 2004 चा कायदा आहे.

आता टाकी. अ‍ॅल्युमिनिअम साधारण 4 ते 8.5 पीएचमध्येच (पीएच म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, 7 म्हणजे उदासीन) सुखी. अंबड एमआयडीसीतल्या अ‍ॅनोडायझिंगवाल्यांना कॉस्टिक, म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइड, पत्रा कसं खातं ते ठाऊकच आहे. गोची अशी की स्टीलमधलं मीठ काढायला नेमकं तेच कॉस्टिक लागतं. म्हणून शक्य ते स्टील सोडवून वेगळ्या टाकीत. सुटत नसेल तर सायट्रिक अ‍ॅसिड आणि थोडं सोडिअम हायड्रॉक्साइड मिसळून सौम्य आम्लता राखायची. 2013 मध्ये इंग्लंडजवळच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावरून जर्मन हवाईदलाचं डॉर्निअर 17 बॉम्बर काढलं. कॉसफर्डच्या संग्रहालयात त्याच्यावर याच मिश्रणाचे फवारे मारले गेले. बोअरचं पाणी इथे नको, त्यात क्षार असतातच. नळाचं पाणी पहिल्या धुण्यापुरतं, शेवटी डीआयॉनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं. दर वेळी पाण्यात उतरलेलं क्लोराइड (मिठातला घटक) मोजून आलेख काढायचा. पाणी बदलूनही तो सपाट राहिला की थांबायचं. प्रेशर वॉशर लांब ठेवा, शिंपल्यांखालचा रंग आणि अक्षरं त्याने उडतात. बांबूची पट्टी पुरते.

मिशिगन सरोवरातली विमानं इतकी चांगली निघाली ती गोड्या, थंड पाण्यामुळे. मिडवेच्या लढाईत 200 हून जास्त गोळ्या खाल्लेलं डॉन्टलेस 2106 तिथूनच 1994 मध्ये निघालं, ते आज अमेरिकेत पेन्साकोलाच्या संग्रहालयात आहे. खाऱ्या पाण्यातून आलेल्या सांगाड्याला मात्र नवा पत्रा ठोकून रंगवणं मला पटत नाही. जपानमध्ये एहिमेला 1979 मध्ये समुद्रातून काढलेलं शिदेन-काई हे लढाऊ विमान फारशी सजावट न करता ठेवलंय, ते अधिक प्रामाणिक वाटतं.

मांडताना भार चाकांवर नको, स्पारखाली पाळणा हवा. चौथऱ्यावर उघड्यावर मिग उभं करतात तसं हे चालणार नाही: हवेतली आर्द्रता 40 टक्क्यांखाली हवी, आणि नाशकाच्या जुलैत डीह्युमिडिफायरशिवाय ते जमत नाही. अंधारात चमकणाऱ्या डायलवरचं किरणोत्सारी रेडिअम विसरू नका. चमक विझली तरी रेडिअमचं अर्धायुष्य 1,600 वर्षं आहे, त्यामुळे ती डायल किरणोत्सर्ग मोजून, सीलबंद पेटीतच ठेवायची.