बान्स्को स्वस्त आहे, पण गोंडोलाच्या रांगेबद्दल कुणी बोलत नाही

आल्प्सच्या निम्म्या पैशात स्कीइंग होतं, असं जो तो सांगत होता म्हणून बल्गेरियातलं बान्स्को निवडलं. राहणं-खाणं खरंच स्वस्त. लिफ्टचा पास मात्र नाही. आणि सकाळच्या रांगेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

गाव साधारण 930 मीटरवर, खरे स्लोप 1600 मीटरवरच्या बांदेरिश्का पोल्यानापासून पुढे. मधे एकच गोंडोला, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या बंद पाळण्यांची लिफ्ट. दुसऱ्याचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, कारण हा डोंगर पिरिन राष्ट्रीय उद्यानाचा, आणि ते 1983 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. उद्यान जपलंच पाहिजे. पण मग खाली एवढी हॉटेलं उठू दिली कशाला? नऊ वाजता गेलात तर जड बूट घालून, स्की खांद्यावर घेऊन तासाच्या वर उभं राहावं लागतं. आठच्या आत पोचा. नाहीतर चौघं मिळून टॅक्सी करा. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. भाडं बसायच्या आधी ठरवा.

स्की भाड्याने घेतानाही डोळे उघडे ठेवा. गोंडोलाला लागून असलेल्या एका दुकानाने ठरलेल्या भाड्यावर हेल्मेट वेगळं, विमा वेगळा, लॉकर वेगळा असं लावत बिल फुगवलं. भांडल्यावर विमा काढला. दोन गल्ल्या आत तेच सामान बऱ्याच कमी भाड्यात मिळत होतं.

वरचे स्लोप उत्तम, त्यावर जास्त लिहीत नाही. संध्याकाळी गावात उतरणारा स्की-रोड मात्र वाईट. अरुंद वाट, चार वाजता सगळं बान्स्को तिच्यावर, शेवटच्या टप्प्यात बर्फाचा चिखल आणि मधेच आडवे पडलेले नवशिके. पाय थकले असतील तर गोंडोलानेच खाली या.

सोफियाहून अंतर 160 किलोमीटर, बसने तीनेक तास. विमानतळावरून शहरात यायला मेट्रो आहे, तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या नादी लागू नका. सेप्टेम्व्रीहून बान्स्कोमार्गे दोब्रिनिश्तेला जाणारी अरुंद रुळांवरची छोटी रेल्वेगाडी देखणी आहे, पण स्की घेऊन पाच तास? नको. 1 जानेवारी 2025 पासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा असेल तर बल्गेरियासाठी वेगळा लागत नाही. 2026 पासून चलनही युरो, तेव्हा लेव्हातले जुने भाव दिसले तर दोनाने भागा.

फेब्रुवारीतली ब्रिटिश शाळांची सुट्टी टाळा. 3 मार्चला बल्गेरियाचा राष्ट्रीय सण असतो, त्याला लागून शनिवार-रविवार आला तर अख्खं सोफिया इथे लोटतं. त्यानंतरचा सोमवार धरा.